सदर बाजार आणि घराची सदर

नागपुरास जाणाऱ्या पाहुण्यानें काय पाहावें याची यादी बहुतेक ठरलेली आहे. महालांतील भोसल्यांच्या वाड्यांच्या खुणा, सीताबर्डीची टेकडी व तिच्यावरील किल्ला, अंबाझरीचा तलाव, दीक्षाभूमीचा भव्य स्तूप, आणि परततांना संत्र्यांची करंडी व संत्र्याची बर्फी. या यादींत 'सदर' या वस्तीचें नांव सहसा आढळत नाहीं. गेल्या वैशाखांत मला तेथें आठ दिवस राहण्याचा योग आला, तो मात्र निव्वळ घरगुती कामानिमित्त. माझ्या आतेभावांचें तेथील जुनें घर पाडून नवें बांधावयाचें होतें. जागा तीस फूट रुंद व पन्नास फूट लांब. तेवढ्यांत चार पिढ्यांनीं एकत्र राहावें आणि घरच्या मोटारीही घराच्या हद्दींतच उभ्या राहाव्या, असा बेत होता. घरांत वडीलधारें माणूस म्हणजे माझी आत्या, वय वर्षें चौऱ्याऐंशीं. तिच्या खालोखाल आतेभाऊ व वहिनी. मग त्यांचे दोघे मुलगे व सुना. आणि थोरल्याची पांच वर्षांची मुलगी. वाहनांची गणना केली तर दोन मोटारी, तीन स्कूटरी व छोकरीची तीन चाकी सायकल. हा प्रश्न आज पुण्या-मुंबईपासून नागपुरापर्यंत हजारों कुटुंबांपुढें आहे. म्हणून सदरच्या दर्शनाबरोबरच त्याची हकीकतही वाचकांपुढें ठेवावी असें वाटलें.

प्रथम नांवाविषयीं. 'सदर' हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ छाती, आणि त्यावरून पुढचा भाग, अग्रस्थान, मुख्य. इंग्रजी अमदानींत छावणीच्या अथवा अधिकाऱ्यांच्या वस्तीच्या मुख्य बाजारपेठेस 'सदर बाजार' म्हणत, आणि असे सदर बाजार हिंदुस्थानांत ठिकठिकाणीं आहेत. परंतु मराठी माणसाच्या कानांत हा शब्द दुसऱ्याही अर्थानें घुमतो. वाड्याचा दिंडीदरवाजा ओलांडून पहिल्या चौकांत आलें म्हणजे समोर जोत्यावर जी बैठक लागते ती सदर. तेथें गादी, लोड, तक्के. तेथें वडील बसावयाचे, हिशेब पाहावयाचे, आल्यागेल्याची विचारपूस करावयाचे. सदर म्हणजे घराची छातीच. सदरमधल्या घराची सदर राखावयाची कीं मोटारींस द्यावयाची, हाच आमच्यापुढचा खरा प्रश्न होता. परंतु हें आम्हांस कळावयास तीन दिवस लागले.

सीताबर्डीच्या लढाईनंतर, म्हणजे १८१७ सालच्या अखेरीनंतर, नागपूरच्या राज्यावर इंग्रजांच्या रेसिडेंटाची छाया पडली. तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरांत निपुत्रिक वारले, आणि पुढल्याच वर्षीं डलहौसीनें राज्य खालसा केलें. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झालें, आणि १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत या ना त्या स्वरूपांत तें एका प्रांताची राजधानी राहिलें. या शंभर वर्षांत सीताबर्डीच्या टेकडीनें शहराचे जणूं दोन भाग केले. पूर्वेस जुनें गांव : महाल, इतवारी, अरुंद बोळ, वाडे, देवळें. पश्चिमेस व उत्तरेस साहेबांची वस्ती : सिव्हिल लाइन्सचे विस्तीर्ण बंगले, आणि त्या बंगल्यांस व छावणीस लागणारा मालमसाला पुरविणारा सदर बाजार. येथील रस्त्यांचीं नांवें अजून तो काळ सांगतात. रेसिडेन्सी रोड आहे, माउंट रोड आहे, आणि पलीकडच्या भागास लोक आजही छावणीच म्हणतात.

झीरो माइलच्या दगडी स्तंभापाशीं, जेथें चार घोड्यांचे पुतळे उधळल्यासारखे उभे आहेत, तेथून कस्तुरचंद पार्कच्या विशाल मैदानाच्या कडेनें उत्तरेस निघालें म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत सदर लागतें. वैशाखांत ही फेरी सकाळीं आठाच्या आंत उरकावी हें उत्तम. वाटेंत जुनीं देवळें नाहींत. त्याऐवजीं शाळा व चर्चें आहेत. सेंट फ्रान्सिस डी सेल्सचें कॅथीड्रल व त्याची शाळा, ऑल सेंट्स कॅथीड्रल, बिशप कॉटन स्कूल, अंजुमनचें विद्यालय. पिढ्यान् पिढ्या सदरमध्यें ख्रिस्ती, पारशी, मुसलमान, मराठी व हिंदी बोलणारीं कुटुंबें शेजारींशेजारीं राहत आलीं. आत्या सांगते कीं लग्न होऊन ती महालांतून येथें आली तेव्हां तिच्या माहेरचे लोक 'आमची मुलगी छावणींत दिली' असें म्हणत, जणूं परमुलखांत दिली. आज तीच आत्या नाताळांत शेजारणीकडून केक घेते व दिवाळींत तिला चकल्या पाठविते.

रस्त्याचें रूप मात्र पार पालटलें आहे. रेसिडेन्सी रोडवरून उड्डाणपूल गेला आहे. गड्डीगोदामाच्या चौकांत तर खालीं रस्ता, त्यावर आगगाडी, तिच्यावर उड्डाणपूल आणि सर्वांच्या वर मेट्रो, अशी चार मजली वाहतूक एकाच ठिकाणीं पाहावयास मिळते. या बाजूची मेट्रो ११ डिसेंबर २०२२ रोजीं सुरू झाली. मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांस दुकानें, दवाखाने, भोजनगृहें. आणि त्यांच्या मागें गल्ल्यांतून कौलारू छपरांचीं, पुढें ओसरी असलेलीं जुनीं बैठीं घरें. अशा घरांची संख्या दरवर्षीं घटते आहे. एखादें घर पाडलें जातें, पत्र्याचा आडोसा लागतो, आणि वर्षा-दीड वर्षानें त्या जागीं खांबांवर उभी असलेली चार मजली इमारत दिसते. तळमजल्यावर भिंती नाहींत. केवळ खांब, आणि खांबांमध्यें मोटारी. मंगळवारी बाजारापर्यंत जाऊन येतांना मीं अशा इमारती मोजूं लागलों व लवकरच मोजणें सोडून दिलें.

माझ्या लक्षांत एक गोष्ट भरली. या नव्या इमारतींच्या पायथ्याशीं माणूस दिसत नाहीं. जुन्या घरांच्या ओसरीवर कोणी आजोबा वर्तमानपत्र वाचीत असतात, कोणी आजीबाई भाजी निवडीत असतात, येणाऱ्याजाणाऱ्याशीं दोन शब्द होतात. खांबांवरच्या घरांतील वृद्ध तिसऱ्या मजल्याच्या गॅलरींतून खालीं पाहतात, आणि खालून वर पाहून बोलण्याची रीत आपल्याकडे नाहीं. 

आतेभावांच्या घरीं कंत्राटदारानें जो नकाशा आणून ठेवला होता तो याच धाटणीचा. खालीं सर्व मोटारी, पहिल्यावर आत्या, भाऊ व वहिनी, दुसऱ्यावर थोरला, तिसऱ्यावर धाकटा. प्रत्येक मजल्यावर स्वतंत्र स्वयंपाकघर. वर जाण्यास जिना, आणि 'पुढेंमागें लिफ्ट घालतां येईल' असें तोंडी आश्वासन. मुलांस नकाशा पसंत होता, आणि त्यांचें म्हणणें वावगें नव्हतें. रस्त्यावर गाडी ठेवली तर तिला ओरखडे पडतात, शेजाऱ्यांशीं खटके उडतात, आणि रात्रीं-अपरात्रीं कोणास दवाखान्यांत न्यावयाचें झालें तर गाडी निघतच नाहीं. आत्यानें नकाशा पाहिला, चष्मा पुसला आणि म्हणाली, "अरे, मला वर नेलें म्हणजे मग खालीं आणायचें तें एकदांच." यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. वहिनींनीं नकाशाची गुंडाळी करून कपाटावर ठेवली.

त्या रात्रीं गच्चीवर अंथरुणें घालून आम्ही बराच वेळ बोलत होतों. मीं भावांना म्हटलें कीं वाहनास घरांत जागा देणें हें कांहीं नवें नव्हे. मोठ्या वाड्यांस पागा असे. बंगल्याच्या पुढें जो पोर्च काढीत तो बग्गी उभी राहावी म्हणूनच. परंतु पागेसाठीं सदर कोणी मोडली नाहीं. घोड्याची जागा बाजूस, माणसाची जागा समोर, हा क्रम होता. धाकटा पुतण्या हंसून म्हणाला, "काका, त्यांच्याकडे दीड हजार फुटांची जागा नव्हती." हें उत्तर बरोबर होतें. लहान जागेंत तत्त्वापेक्षां इंच महत्त्वाचे. म्हणून दुसऱ्या दिवशीं फीत, पट्टी व चौकटींचा कागद घेऊन आम्ही बसलों, आणि सायंकाळीं एका अनुभवी वास्तुविशारदांस बोलावलें.

येथें थोडे आंकडे देतों, कारण अशा बेतांत भावना लवकर जुळतात आणि फूट जुळत नाहींत. महाराष्ट्र शासनानें २०२० च्या डिसेंबरांत बहुतेक शहरांसाठीं बांधकामाची एकत्रित नियमावली लागू केली. नागपूरही तिच्याच कक्षेंत येतें. चोहों बाजूंस किती मोकळी जागा सोडावयाची हें रस्त्याची रुंदी, प्लॉटचा आकार आणि भाग दाट वस्तीचा आहे कीं नाहीं, यांवर ठरतें; म्हणून प्रत्येकानें आपल्या जागेपुरतें विचारून घ्यावें. आम्हीं अंदाजासाठीं पुढें दहा फूट, मागें पांच व दोन्ही अंगांस चार-चार फूट धरले. म्हणजे बांधावयास उरलें बावीस फूट रुंद व पस्तीस फूट लांब, सातशें सत्तर चौरस फूट. एका मोटारीस अडीच मीटर रुंद व पांच मीटर लांब जागा धरतात. सुमारें एकशें पस्तीस चौरस फूट. जिन्याचें गणित याहून मौजेचें. मजल्याची उंची साडेदहा फूट, आणि म्हाताऱ्या गुडघ्यांस सोसेल अशी सहा इंचांची पायरी धरली तर एकवीस पायऱ्या होतात. मध्यें वळण घेऊन त्या बसवावयाच्या तर सात फूट रुंद व पंधरा फूट लांब, म्हणजे एकशें पांच फूट जागा जाते. जिना म्हणजे घरांत कायमची उभी असलेली एक लहानशी मोटारच! पायरी साडेसात इंचांची केली कीं जागा वांचते. नियमही त्यास आड येत नाहीं, कारण राष्ट्रीय बांधकाम संहितेंत राहत्या घरास एकोणीस सेंटिमीटरांपर्यंतची पायरी चालते. परंतु जी जागा नकाशांत वांचली ती पुढें गुडघ्यांतून वसूल होते.

दोन मोटारी शेजारीं-शेजारीं ठेवल्या तर बावीस फुटांच्या दर्शनी रुंदींतील अठरा-एकोणीस फूट त्यांनींच व्यापले. मग दार कोठें आणि ओसरी कोठें? वास्तुविशारदांनीं त्या एकामागें एक उभ्या करण्याची तोड सुचविली. उत्तरेच्या अंगास दहा फूट रुंदीची एक पट्टी. ती फाटकापासून छत्तीस फूट आंत जाते. त्यांतील पहिले दहा फूट मोकळ्या आंगणांतले, पुढचे सव्वीस घराच्या पोटाखालचे. पट्टीच्या टोकाशीं जो नऊ फुटांचा तुकडा उरला तेथें न्हाणीघर व शौचकूप. राहिलेल्या बारा फूट रुंदींत पुढें सात फुटांची ओसरी, मध्यें जिना व त्याच्या कडेनें पांच फुटांचा बोळ, आणि मागें तेरा फूट लांबीची आत्याची खोली, तिला लागूनच तें न्हाणीघर. सात, पंधरा व तेरा मिळून बरोबर पस्तीस. मुद्दाम पांच फुटांचा बोळ ठेवला, कारण चाकाची खुर्ची वळवावयास तेवढी जागा लागते. ती आज नको असली तरी उद्यां लागेल, आणि आत्यास नाहीं तर भावांस लागेल. रस्त्यापासून जोतें चढावयास पायऱ्यांबरोबर उतारही काढला; एक फूट चढण्यास बारा फूट लांबीचा उतार, हें प्रमाण सोडूं नये.

एकामागें एक उभ्या केलेल्या मोटारींत एक गोम आहे, आणि ती केवळ स्थापत्याची नाहीं. मागची गाडी काढावयाची तर पुढची हलवावी लागते. भाडेकरूंच्या इमारतींत यावरून रोज भांडण होईल. येथें दोघे भाऊ आहेत. किल्ल्या ओसरीवरच्या एकाच खुंटीस टांगावयाच्या आणि ज्यास आधीं निघावयाचें त्याची गाडी रात्रीं पुढें ठेवावयाची, असें ठरलें. थोरल्या सूनबाई म्हणाल्या, "म्हणजे कोण कुठें जातो हें सगळ्यांना कळणार." वहिनी म्हणाल्या, "कळायलाच हवें." हा संवाद हंसण्यावारी गेला, तरी एकत्र कुटुंबाचा सारा करार त्या दोन वाक्यांत आहे. अशी सोय महापालिकेच्या मंजुरीस कितपत चालते हें मात्र आपापल्या वास्तुविशारदाकडून आधीं समजून घ्यावें.

मग निघाला चुलीचा प्रश्न. नियमावलींत मोटारींच्या जागांची संख्या घरांच्या संख्येवर व त्यांच्या क्षेत्रफळावर ठरते. आणि स्वतंत्र घर कशास म्हणावें, तर ज्यास स्वतःचें स्वयंपाकघर आहे त्यास. म्हणजे तीन मजल्यांवर तीन स्वयंपाकघरें दाखविलीं कीं कायद्याच्या दृष्टीनें तीन कुटुंबें झालीं, आणि त्या हिशेबानें गाड्यांच्या जागा दाखविणें आलें. मला याचें नवल वाटलें. आपल्याकडेही 'त्यांची चूल वेगळी झाली' असेंच म्हणतात. सरकारनेंही कुटुंबें मोजण्यास तीच खूण धरली आहे. परंतु सुनांची बाजू ऐकून घेणें न्यायाचें होतें. एक सकाळीं सातास कामावर निघते, दुसरी रात्रीं आठास परतते. प्रत्येक वेळीं चहासाठीं दोन जिने उतरून सासूच्या स्वयंपाकघरांत यावयाचें, तेंही सणावारीं सोंवळ्याच्या गडबडींत, हें जुलमाचें आहे. शेवटीं एकच मोठें स्वयंपाकघर व त्यास लागून बारा माणसांची पंगत बसेल असें जेवणघर पहिल्या मजल्यावर धरलें. देवघर तेथेंच, पूर्वेच्या भिंतीशीं. वरच्या मजल्यांवर चहापुरता ओटा असावा अशी सुनांची इच्छा होती. तो नकाशांत स्वतंत्र चूल म्हणून मोजला जाणार नाहीं अशा बेतानें मंजुरी घ्यावयाची, हें वास्तुविशारदांकडे सोंपविलें. घर एकत्र राहतें तें दारें बंद करतां येतात म्हणून. नुसत्या एका चुलीनें नव्हे.

नागपूरचें ऊन व नागपूरची माती हीं दोन्ही घर बांधणाऱ्याचीं परीक्षा पाहतात. २०१३ च्या मे महिन्यांत येथें पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंश हें तर उन्हाळ्यांतलें नेहमींचेंच. दुपारनंतर पश्चिमेची भिंत तव्यासारखी तापते आणि रात्रीं दहापर्यंत घरांत उष्णता सोडीत राहते. म्हणून जिना, न्हाणीघरें व कपाटें पश्चिमेस सरकवावीं आणि निजण्याच्या खोल्या पूर्वेस अथवा उत्तरेस ठेवाव्या, हें येथील जुने गवंडीही सांगतात. आमचें घर पूर्वाभिमुख, म्हणून पाठच पश्चिमेस आली. आत्याची खोली तेथें पडते, परंतु वरचा मजला दोन फूट पुढें काढून व भिंत जाड करून तिला सांवली दिली. गच्चीवर पांढऱ्या फुटक्या फरश्यांचा थर. आणि कूलर! बाहेरच्या पाहुण्यास मौज वाटेल, परंतु नागपुरांत खिडकी काढतांना कूलर कोठें बसणार, त्यास पाणी कोठून येणार आणि आंत आलेली हवा कोणत्या खिडकीनें बाहेर जाणार, हें आधीं ठरवावें लागतें. नाहीं तर सुंदर दर्शनी भागावर पत्र्याच्या पेट्या लोंबतात. पूर्वी वाळ्याच्या ताट्या दारास लावून त्यांवर पाणी शिंपडीत, त्याच युक्तीस आतां वीज जोडली आहे.

माती काळी. पावसाळ्यांत ती फुगते, वैशाखांत भेगाळते, आणि तिच्याबरोबर उथळ पायाचें घरही तडकतें. म्हणून काळीचा थर खोदून मुरमापर्यंत जावें, अथवा तळाशीं फुगवटा असलेले खांब जमिनींत ओतावे; ही दुसरी पद्धति रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें अशाच मातीसाठीं रूढ केली. पायांत वांचविलेला पैसा भिंतींच्या भेगांतून दुपटीनें जातो. आणि गाड्यांसाठीं तळघर करण्याचा मोह टाळावा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे कांहीं तासांच्या पावसांत अंबाझरीचें पाणी वाहून शहरांतील सखल वस्त्या बुडाल्या, तेव्हां सर्वांत आधीं भरलीं तीं तळघरें. सिमेंटचे नवे रस्तेही जुन्या घरांच्या जोत्यांहून उंच होत चालले आहेत. तेव्हां आजच्या रस्त्याची उंची धरून जोतें न ठरवितां उद्यांच्या रस्त्याची धरावी.

अरुंद जागेंत मोठें कुटुंब बसविण्याची विद्या जगांत इतरांसही लाभली आहे. क्योटो शहरांतील व्यापाऱ्यांचीं जुनीं घरें रस्त्यावर अतिशय अरुंद व आंत लांबच लांब. मध्यें हातरुमालाएवढा बगीचा, त्यांतून उजेड व वारा. आपल्या वाड्याच्या चौकाचेंच तें धाकटें रूप. चार्ल्स कोरिया यांनीं १९६१-६२ च्या सुमारास अहमदाबादेस केवळ बारा फूट रुंदीचें एक घर रचलें होतें. त्यांत तापलेली हवा उतरत्या छताच्या कडेनें वर चढून माथ्यावरच्या झरोक्यांतून बाहेर पडे. आमच्या जिन्याच्या माथ्यावर तसाच झरोका ठेवला, म्हणजे जिना हाच घराचा श्वास झाला. आणि जपानांतील १९६२ चा कायदा तर आपल्या शहरांनीं विचारांत घेण्याजोगा आहे : गाडी ठेवावयास जागा आहे असें सिद्ध केल्यावांचून तेथील शहरांत सहसा मोटार विकत घेतां येत नाहीं. आपल्याकडे आधीं गाडी येते, मग जागेचा शोध, आणि शेवटीं गल्ली अडते.

कागदपत्रांविषयीं दोन शब्द. नागपुरांतील पुष्कळ जागा नझूलच्या, म्हणजे सरकारकडून पट्ट्यानें मिळालेल्या आहेत. पाडकामाचा विचार करण्यापूर्वी आखीव पत्रिका काढून पाहावी, पट्टा कोणाच्या नांवें आहे व त्याची मुदत कधीं संपते हें पाहावें. आणि घरच्या लेकींना विसरूं नये. महाराष्ट्रानें १९९४ सालीं व केंद्र सरकारनें २००५ सालीं वारसा कायद्यांत दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलाबरोबरीचा हक्क दिला आहे. कायदा नसता तरी विचारणें हें शहाणपण. भावांनीं अमरावतीच्या थोरल्या बहिणीस दूरध्वनि केला. ती म्हणाली, सही कुठें करावयाची तें सांग. मात्र मला आल्यावर निजावयास एक खोली ठेव. दुसऱ्या मजल्यावरची पूर्वेची लहान खोली तेव्हांपासून नकाशांत 'माहेरची खोली' या नांवानें लिहिली गेली आहे.

लिफ्टचा निकालही असाच लागला. आज तिचा खर्च झेपत नाहीं. परंतु प्रत्येक मजल्यावर एकाखालीं एक येतील अशीं पांच फूट चौरस कोठारें धरलीं, त्यांच्या स्लॅबच्या कडेनें तुळया फिरविल्या आणि तळाशीं खड्ड्यापुरती जागा राखली. पुढें मुलांना हवी तेव्हां मधली स्लॅब कापून त्या कोठारांतून लिफ्ट वर जाईल. तोंडी आश्वासनापेक्षां हीं कोठारें भरंवशाचीं.

आणि या सर्वांची किंमत काय? ती लपविण्यांत अर्थ नाहीं. कंत्राटदाराच्या नकाशांत खालीं तीन गाड्या व साऱ्या स्कूटरी सुखानें राहत होत्या; आमच्या नकाशांत दोन गाड्या अडचणीनें राहतात, स्कूटरी आंगणाच्या कडेस जातात, आणि तिसरी गाडी या घरांत कधींच येणार नाहीं. पाहुण्यांची गाडी बाहेरच राहील. धाकट्यास हें मनापासून रुचलेलें नव्हतें, आणि त्यानें तसें स्पष्ट सांगितलें. पण कस्तुरचंद पार्कचें स्थानक चालत जाण्याजोगें आहे, हें पुढल्याच सकाळीं त्यानें स्वतः घड्याळ लावून पाहिलें. त्याच्या या चालण्यांत मला त्याच्या संमतीहून अधिक कांहीं दिसलें.

फाटकाच्या डाव्या अंगास एक जुना कडुनिंब आहे. तो काढला असता तर गाडी वळवावयास चार फूट अधिक मिळाले असते. झाड तोडण्यास परवानगी लागते ही एक अडचण. दुसरी अशी कीं बारा फूट रुंद व सात फूट खोल अशी जी ओसरी आम्हीं एवढ्या कष्टानें राखली, तिच्यावर वैशाखांतल्या सकाळीं सांवली पडते ती त्याचीच. झाड राहिलें, फाटक दक्षिणेऐवजीं उत्तरेस सरकलें.

जे वाचक अशाच बेतांत असतील त्यांना माझें सांगणें इतकेंच कीं नकाशा काढतांना पहिली रेघ गाडीची ओढूं नये. आधीं घरांतील सर्वांत म्हातारें माणूस सकाळीं उठून कोठें बसणार, तेथून त्यास रस्ता दिसेल कीं नाहीं, आणि दारीं आलेला माणूस त्यास 'काय, बरें आहे ना?' असें मान वर न करतां विचारूं शकेल कीं नाहीं, हें ठरवावें. मग जिना, मग चूल, आणि मग गाडी. गाडी दहा-पंधरा वर्षांत बदलते. घरची सदर एकदां गेली कीं पुन्हां बांधतां येत नाहीं. आतेभावांच्या घराचा पाया या पावसाळ्यानंतर खणावयाचा आहे. ओसरीवर बसावयास आत्यानें जुन्या घरांतला शिसवी झोंपाळा बाजूस काढून ठेवला आहे, आणि तो बारा फुटांत बसतो हें तिनें स्वतः फितीनें मोजून घेतलें आहे.